हात लागला की खेळायचं

हॉलवर मला सगळे मावशी बोलायचे. मंडळाचे सेक्रेटरी मावशी, बालवाडीच्या टीचर मावशी, बालवाडीतली नाक पुसता न येणारी पोरंसुद्धा मावशी. पाटणकर सर एकटे मला सावंतबाई बोलायचे. "अहो सावंतबाई, पंखा जरा लावता का?" पंखा लागला की, "आभारी आहे." आता पंखा लावणं हे माझं कामच. त्याचे आभार कसले? पण ते बोलायचे. तेवीस वर्षं बोलले.

सर जाऊन आता दीड वर्ष होईल. तिकडे बंगलोरला गेले, मुलीच्या घरी. मी त्यांना शेवटचं बघितलं ते इथेच, मुलुंडला, त्यांच्या बिल्डिंगच्या गेटवर. ते मागून सांगते.

मुलुंड पूर्वेला आमच्या मंडळाची जागा आहे. खाली व्यायामशाळा, वर हॉल. सकाळी बालवाडी, दुपारी बायकांचं भजन नि संध्याकाळी पाच ते आठ बुद्धिबळ. झाडू, लादी, खुर्च्या, चहा, सगळं माझ्याकडे. माझ्या नवऱ्याची भांडुपची कंपनी बंद पडली तेव्हा मी हे काम धरलं. दुसरं काय धरणार? शिक्षण तिसरी. आमच्या गावाला, कणकवलीच्या बाजूला, शाळा नदीपलीकडे, नि माझ्या पाठीवर तीन भावंडं सांभाळायला. तिसरीनंतर मी नदी ओलांडली ती लग्न होऊनच.

सर ड्राफ्ट्समन होते. म्हंजे कंपनीत मशीनची चित्रं काढायची, त्यावरून मग खरं मशीन बनतं. त्यांची रेघ मी बघितलीय. स्पर्धा असली की कोण कोणाशी खेळणार त्याचा मोठा तक्ता भिंतीवर लागतो, तो सर आखायचे. हाताने. एकदा मी बोलले, "सर, पट्टी देऊ?" तर बोलले, "पट्टीच वाकडी असली तर?"

डोक्यावर लोकरीची गोल टोपी, तपकिरी. बायकोने विणलेली. बायको मला बघायला मिळाली नाय, मी कामाला लागायच्या आधीच ती बिचारी गेली. मे महिन्यात आम्ही पदराने वारा घेतोय नि सर टोपीत. कोणी विचारलं तर सांगायचे, पंख्याचा वारा डोक्याला लागतो. मग पंखा कशाला लावायला सांगायचे, ते मी कधी विचारलं नाय.

सुरवातीला मी एक मोठी चूक केलेली. कामाला लागून आठवडा झालेला. सकाळी आले तर टेबलावर एक पट अर्धवट मांडलेला, सोंगट्या कुठे पण, कशा पण. काही खाली आडव्या. मला वाटलं, पोरांनी पसारा केला. सगळ्या सोंगट्या उचलल्या, बादलीत साबणाचं पाणी केलं, चांगल्या घासल्या, पुसल्या नि पटावर ओळीने उभ्या केल्या. पांढऱ्या एका बाजूला, काळ्या एका बाजूला, उंचीप्रमाणे.

संध्याकाळी सर आले. पटाकडे बघत उभे राहिले. मागून कोणतरी ओरडलं, "मावशी, वाट लावलीत तुम्ही. सर तीन दिवस तो डाव बघत होते." नोकरी गेली असंच वाटलं. घरी नवरा बसलेला, मुलगी रंजना पाचवीत.

सरांनी एक घोडा उचलला, नाकाला लावला. बोलले, "साबण कुठला?"

मी बोलले, "कपड्याचा."

"अहो सावंतबाई, ह्या मंडळाला चाळीस वर्षं झाली. ह्यांना आंघोळ कोणी घातली नव्हती." नि मग खुर्ची ओढून बसले, एकेक सोंगटी उचलत गेले नि बघता बघता तो सगळा पसारा जसाच्या तसा मांडला. आडव्या पडलेल्यासुद्धा आडव्या ठेवल्या. मला बोलले, "हा डाव ह्यात नव्हताच." नि टोपीवर बोट टेकवलं.

त्या दिवसापासून मला शिकवायला लागले. खेळायला नाय. मला तो खेळ अजून येत नाय, खोटं कशाला सांगू. मांडायला शिकवलं. पटाच्या कडेला एका बाजूला इंग्रजी अक्षरं असतात, ए पासून एच, नि दुसऱ्या बाजूला एक ते आठ आकडे. म्हंजे प्रत्येक घराला नाव झालं. ए एक, बी दोन. चाळीत खोली नंबर असतो तसं. सर खुर्चीत बसून बोलायचे, "एफ तीन," नि मी लादी पुसता पुसता उठून बोट ठेवायची. बरोबर आलं की सर दोन्ही डोळे एकदा मिटायचे नि उघडायचे. शाब्बास नाय, काय नाय. तेवढंच.

ती आठ अक्षरं मला उपयोगी पडली. नवऱ्याला छातीचं दुखणं झालं, मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मी कागद करून येईपर्यंत त्याला स्ट्रेचरवरून कुठेतरी घेऊन गेलेले. वॉचमन बोलला, एफ वॉर्ड, नि हात असा हलवला की तो सगळ्याच बाजूला होता. मी पाट्या बघत गेले. सी. डी. ई. एफ. कोणाला विचारलं नाय. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या ठिकाणी न विचारता पोचले. चौथ्या दिवशी त्याला आयसीयूत हलवला. आय आमच्या पटावर नाय.

त्याचं तेरावं झालं नि मी परत कामावर आले. लोक काय काय बोलले. देवाची इच्छा, सुटला बिचारा. सर काय बोलले नाय. आठ वाजता सगळे गेल्यावर टोपी काढून हातात घेतली, त्यांना टोपीशिवाय मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं, डोकं सगळं टकलं. बोलले, "सावंतबाई, खेळताना एक करायचं नसतं. मेलेल्या सोंगट्यांकडे बघायचं नसतं. पटावर काय उरलंय ते बघायचं."

मी बोलले, "काय उरलंय सर? एक मुलगी नि एक झाडू."

सरांनी खरंच विचार केला. बोलले, "मुलगी वजीर. झाडू आपण घोड्याएवढा धरू. पुष्कळ आहे."

मला हसू आलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. मग दिवा बंद करून खाली उतरलो.

सरांची एक खोड होती. सोंगटी घराच्या मधोमध पाहिजे. जरा जरी कडेला असली तरी त्यांना राहवायचं नाय. स्वतःची काय, समोरच्याची पण सरळ करायचे. पण हात लावायच्या आधी बोलायचे, "ॲडजस्ट." मला वाटलं, हा कसला मंत्र. मग त्यांनी सांगितलं. बुद्धिबळात कायदा आहे, ज्या सोंगटीला हात लागला ती खेळलीच पाहिजे. मग नुकसान होवो नायतर काय होवो. फक्त सरळ करायची असेल तर आधी तसं बोलायचं, मग हात. मागून बोललं तर चालत नाय.

मी बोलले, "आमच्या घरात उलटं होतं सर. आधी हात, मग बोलणं."

सर हसले नाय. पटाकडे बघत एकटेच बोलले, "हं."

मी पण सरांची ती खोड घेतली. बारा पट मांडायचे, नि शेवटी एकेका सोंगटीला बोट लावून मधोमध सारायची. रोज. पण रिकाम्या हॉलमधे ॲडजस्ट कोणाला बोलणार? मी आपली नुसता हात लावायची.

आता जितूभाई. घाटकोपरला त्यांचं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. गुजराती माणूस, मराठी आपल्यासारखंच बोलणार, आवाज मात्र असा की खाली व्यायामशाळेतली पोरं वजन टाकून वर बघायची. दर शनिवारी सरांशी खेळायला मुलुंडला यायचे. सरांना अरे-तुरे करणारा हा एकच माणूस.

सर काळ्या सोंगट्या असल्या की एकच प्रकार खेळायचे. त्याला ड्रॅगन बोलतात. काळी प्यादी अशी वाकडी उभी राहतात की ती म्हणे त्या जनावराची पाठ. नि कोपऱ्यात एक उंट बसवायचा, तिरका बघत. हा बचावाचा प्रकार आहे असं सर सांगायचे. जितूभाई बोलायचे, "बचाव? चोर आला म्हणून स्वतःच्या घराला आग लावायची, ह्याला तू बचाव बोलतो?"

सर बोलायचे, "चोर पळतो ना?"

"अरे पण घर?"

"घर मी परत बांधतो. तू खेळ."

नि सर बरोबरी घ्यायचे नाय. डाव रखडला की समोरचा विचारतो, बरोबरी? म्हंजे कोण जिंकला नाय, कोण हरला नाय, हात मिळवा नि उठा. सरांचं ठरलेलं उत्तर, "अजून चहा यायचाय." चहा येऊन ग्लास धुवून झाले तरी तेच उत्तर.

ह्या दोघांचं एकदा वाजलं. मंडळाच्या स्पर्धेचा शेवटचा डाव. हॉलमधे पन्नास माणसं. जितूभाई जिंकायच्या बेतात होते, असं सगळे बोलतात. त्यांनी वजिराला दोन बोटं लावली, नि सोडला. दुसरी सोंगटी उचलायला गेले. सर बोलले, "वजीर."

जितूभाई बोलले, "मी तो सरळ करत होतो."

"आधी बोलला नाहीस."

"पाटणकर, अरे सरळ करत होतो मी. तू रोज करतो तसा."

"मी आधी बोलतो. हात लागला, खेळ."

पंच आले. कायदा सरांच्या बाजूने. जितूभाईंना वजीर हलवावा लागला नि डाव गेला. सर जिंकले, कप मिळाला. जितूभाई उठताना बोलले, "तू जिंकला नाय. कायदा जिंकला." नि दोन वर्षं मुलुंडला आले नाय.

त्या दोन वर्षांत सर शनिवारी पट मांडून बसायचे. समोरच्या खुर्चीत दुसरं कोणी बसायला आलं तर खेळायचे, पण लक्ष जिन्याकडे. तो कप त्यांनी घरी नेलाच नाय. हॉलच्या कपाटात, खडूच्या डब्याच्या मागे. मी पुसायला काढला की बोलायचे, "राहू द्या, आत ठेवा."

मग एका शनिवारी जितूभाई आले. मुलीच्या लग्नाचे पेढे घेऊन. बसले, खेळले, जसं काय झालंच नाय. पण ते वाक्य काय त्यांनी सोडलं नाय. हरले की गप्प, जिंकले की बोलायचे, "बघ, कायद्याशिवाय." स्पर्धेत परत तीनदा गाठ पडली, तिन्ही वेळा जितूभाई जिंकले. सर हसायचे. पण मी ग्लास उचलायला वाकायची ना, मला त्यांचं तोंड दिसायचं. त्या माणसाला एकदा, फक्त एकदा, स्पर्धेत सरळ हरवायचं, हे सरांच्या मनात रुतून बसलेलं.

नि मग हात गेला. एकदम नाय. पहिल्यांदा चहा बशीत सांडायला लागला. मग सोंगटी ठेवताना बाजूची पडायची. एका वर्षी स्पर्धेचा तक्ता आखायला घेतला, पेन्सिल टेकवली, थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग बोलले, "सावंतबाई, पट्टी द्या."

मी पट्टी दिली. दुसरं टोक मीच धरलं.

हळूहळू यायचे बंद झाले. डॉक्टर बोलले, हे बरं होणारं नाय, कंपवात आहे. मी कामावरून जाता जाता त्यांच्या घरी डोकवायची, दुसऱ्या माळ्यावर एकटेच. बंगलोरची मुलगी, मेघनाताई, दर महिन्याला यायची, रडकुंडीला आलेली. "बाबा, चला ना तिकडे. इथे तुम्हाला कोण आहे?" सर बोलायचे, "बघू." एक दिवस माझ्यासमोर बोलले, "मंडळाची ज्येष्ठांची स्पर्धा आहे. तेवढी खेळतो. मग चल म्हणशील तिथे येतो."

ती बोलली, "बाबा, तुम्हाला सोंगटी धरता येत नाही."

"डोक्याला कंप नाही आलेला."

पंचांना विचारलं. ते बोलले, कायद्यात आहे. हात चालत नसला तर मदतनीस घेता येतो. खेळाडूने तोंडाने सांगायचं, मदतनिसाने सोंगटी हलवायची. दहा जण तयार झाले. पण जितूभाई तिथेच बसलेले, ते बोलले, "म्हंजे समोर दोन डोकी? मी नाय खेळणार. ज्याला बुद्धिबळ येतं तो नको."

सर बोलले, "बरोबर आहे. मग सावंतबाई. त्यांना घरं येतात, डाव येत नाही."

मी मोरीत ग्लास विसळत होते. मला वाटलं, मस्करी.

जितूभाई बोलले, "चालेल. पण मधेच उठून लादी पुसायला लागली तर?"

मी बोलले, "तुम्ही पाय वर घ्या मग."

सगळे हसले, नि झालं, मी सरांचा हात झाले. सरांनी तीनच गोष्टी सांगितल्या. मी सांगेन ती सोंगटी, मी सांगेन त्या घरात. मग आपल्या बाजूचं घड्याळ दाबायचं, की समोरच्याची वेळ चालू. नि मग दोन्ही हात मांडीवर.

चार दिवस चार डाव झाले. दोन जिंकलो, दोन हरलो. बघा, मी पण जिंकलो-हरलो बोलायला लागले. पाचवा डाव जितूभाईंशी लागला. तक्त्यावर नाव बघून सर बोलले, "छान." घरी मेघनाताईने बॅगा भरून ठेवलेल्या. दुसऱ्या दिवसाचं विमान. म्हंजे हा डाव शेवटचा, हे सगळ्यांना माहीत. सर टोपी घालून आले, इस्त्रीचा शर्ट. मी पण लग्नाकार्याची साडी नेसले, कोणाला काय वाटायचं ते वाटो.

जितूभाई पांढरे. त्यांनी प्यादं पुढे टाकलं. सर बोलले, "सी पाच." मी ठेवलं. घड्याळ दाबलं. हात मांडीवर. असं चालू झालं. थोड्या वेळाने सर बोलले, "जी सहा," नि जितूभाई खुर्चीत मागे टेकले. "आला ड्रॅगन. लाव आग."

मला डावातलं कळत नाय, पण माणसाचं कळतं. पहिला तास जितूभाई बोलत होते, टेबलावर बोटं वाजवत होते. मग सर बोलले, "हत्ती सी तीन. घोडा उचला." मी बघितलं, तिथे हत्ती ठेवला तर त्यांचं प्यादं हत्तीला मारणार. घोडा घेऊन हत्ती द्यायचा? मी सरांकडे बघितलं. सर बोलले, "ठेवा." मी ठेवला. जितूभाईंची बोटं थांबली. पुढे अर्धा तास ती थांबलेलीच होती. आजूबाजूचे डाव संपत गेले, ती माणसं आमच्या टेबलाभोवती येऊन उभी राहिली. सरांचा हात मांडीवर थरथरत होता, पण आवाज असा, जसे मला लादी पुसताना घर विचारायचे तसा. एकदा तर मी सोंगटी ठेवल्यावर दोन्ही डोळे मिटून उघडले. मी समजले, काम होत आलंय.

तेव्हा जितूभाईंनी घोडा उचलला नि आमच्या उरलेल्या हत्तीच्या बाजूला आदळला. हत्ती सरकला. अर्धा एका घरात, अर्धा दुसऱ्या घरात. त्यांनी घड्याळ दाबलं.

नि मी हात पुढे केला, हत्ती बोटाने मधोमध सारला.

काय बोलले नाय. नुसता हात लावला. तेवीस वर्षं रिकाम्या हॉलमधे लावते तसा. हात मागे घेतला तेव्हा मला कळलं, मी काय केलं.

कोणतरी मागून बोललं, "हात लागला." जितूभाई नाय बोलले. ते पटाकडे बघत होते. पंच पुढे आले. ते बोलले, "ह्या मदतनीस आहेत. खेळी सरांनी सांगितलेली नाही. सरळ केला त्यांनी, सगळ्यांनी बघितलं. पाटणकर सर, तुम्हाला हवं ते खेळा."

जितूभाई बोलले, "हो हो. मी काय मागत नाय. खेळ तू."

सर बोलले, "आधी बोललं पाहिजे."

"अरे, बाईने केलं ते."

"जितू, पाच दिवस हा हात माझाच आहे. जिंकताना माझा, नि आता सावंतबाईंचा?" मग पंचांकडे बघून, "हत्तीला हात लागला. हत्ती खेळतो."

मी बोलले, "सर, नको."

सरांनी माझ्याकडे बघितलं पण नाय. दहा मिनिटं विचार केला. टोपी भिजलेली घामाने. मग बोलले, "हत्ती डी आठ."

मी ठेवला. घड्याळ दाबलं. हात मांडीवर.

त्यानंतर जितूभाई अंगावर आले. सरांचं एकेक जायला लागलं. प्यादं गेलं, उंट गेला, तो कोपऱ्यातला, तिरका बघणारा. जितूभाई मेलेल्या सोंगट्या टेबलाच्या कडेला ठेवत होते नि मी त्या सोंगट्यांकडे बघत नव्हते. शेवटी काळा वजीर तेवढा बाहेर. सर बोलले, "वजीर ई एक. शह." जितूभाईंचा राजा सरकला. "वजीर एच चार. शह." राजा परत आला. "ई एक." राजा गेला. "एच चार." मला वाटलं, एवढे शह, म्हंजे जिंकतोय. मी जोराने ठेवायला लागले. मग बघते तर तोच वजीर, तीच दोन घरं, तोच राजा, तीच दोन घरं. कोणाला सुटता येत नाय, कोणाला मारता येत नाय.

जितूभाई हसले. मोठ्याने नाय. बोलले, "पाटणकर, चहा येऊन गेला."

सर बोलले, "हो. आला आणि गेला." मग बोलले, "बरोबरी."

त्यांनी हात पुढे केला, तो हवेत हलत होता. जितूभाईंनी तो दोन्ही हातांत धरला नि धरूनच ठेवला. बोलले, "तो वजीर मी सरळ करत नव्हतो. मी खेळणार होतो. मग भ्यालो."

सर बोलले, "माहीत आहे."

"तेव्हा का नाय बोलला?"

"मला तरी कुठे खातरी होती."

जितूभाईंनी टोपीकडे बघितलं, मग खाली. "आता मी काय बोलणार तुला? तुझा कायदा बिचारा आज माझ्या बाजूने होता, नि मला पण नको होता." मग आवाज चढवून, "मावशी, चहा टाका, माझ्याकडून सगळ्यांना." नि थांबून, "सावंतबाई, टाका."

आठ वाजता मी सरांना घरी सोडायला निघाले. हळू चालत होतो, ते काठी घेऊन. दोन बिल्डिंगी गेल्यावर मी विचारलं, "सर, हत्तीला हात लागला नसता तर काय खेळणार होता?"

"जाऊ द्या."

"सांगा."

"वजीर. एच चार."

"मग?"

"तीन खेळ्यांत मात."

फुटपाथवर एक भाजीवाली टोपली बांधत होती, तिच्याकडे बघत चालले. आयुष्यात मी रडून दाखवलं नाय कोणाला, तेव्हा पण नाय. पण सरांना कळलं असेल. बोलले, "अहो, जिंकलो असतो तर जितू जन्मभर बोलला असता, तू नाही जिंकलास, सावंतबाई जिंकल्या. आता बसेल गप्प."

मी बोलले, "तुम्हाला सरळ जिंकायचं होतं."

"सरळच झालं की." दहा पावलांनी परत बोलले, "डी आठ वाईट नव्हता. वजिराच्या घाईत मी त्याचा विचारच केला नव्हता."

दुसऱ्या दिवशी सकाळी बालवाडीची लादी अर्धी टाकून मी त्यांच्या गेटवर गेले. गाडी उभी. बॅगा मागे. जितूभाई घाटकोपरहून आलेले, हातात स्टीलचा डबा, ठेपले भरून. खिडकीतून आत देत मेघनाताईला बजावत होते, विमानात ते सँडविच नको देऊ त्याला. तिने सरांना धरून गाडीत बसवलं. आत वाकताना दरवाजाला डोकं घासलं नि टोपी वाकडी झाली, एका कानावर आली. मेघनाताई पलीकडून बसायला गेली. सरांनी हात वर न्यायला बघितला, पण हात खांद्यापर्यंत आला नि तिथेच हलत राहिला.

मी खिडकीतून हात आत घातला. नि थांबले.

बोलले, "ॲडजस्ट."

मग टोपी सरळ केली, दोन्ही बाजूंनी, मधोमध.

सरांनी दोन्ही डोळे मिटले, नि उघडले. गाडी निघाली.